फौजेची चार वर्षे, पुढे काय?

आमच्या युसूफ वडगावात फजरनंतर फौजेच्या भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. पूर्वी १५ वर्षे नोकरी केलेला शिपाई पस्तिशीच्या आसपास पेन्शन घेऊन घरी येई. कोरोनात दोन वर्षे भरती थांबली आणि जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ आली. फौजेचं सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली आणायचं, नव्यांना वाट करून द्यायची, हा तिचा हेतू. पण चार वर्षांनी चारांतला फार तर एकच कायम होतो. बाकीच्यांना पेन्शन नाही, सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो, त्यातला निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला. पोरांना आपण जरूर पाठवू. मात्र त्यांचं शिक्षण सुटू देऊ नये आणि तो पैसा बहिणीच्या लग्नात संपवू नये.