उन्हाने सांडपाणी शुद्ध होईल का?

लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात आणि वाळूजची औद्योगिक वसाहतही त्याच तालुक्यात. एकीकडे कांदा-कापसाची उलाढाल, दुसरीकडे कारखान्यांची धुराडी. लासूरजवळून वाहणारी शिवना आणि छत्रपती संभाजीनगरातून येणारी खाम, या दोन्ही नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात. पुढे जायकवाडीचा नाथसागर, आणि शहराच्या नळाला येते ते नाथसागराचेच पाणी. म्हणजे रानातले फवारणीचे औषध असो की कारखान्यातले रसायन, वरच्याने सोडले आणि खालच्याने भोगले एवढ्यावर इथे विषय संपत नाही. सोडणारा आणि पिणारा एकाच खोऱ्यात राहतात.

अशा भागात उन्हाच्या जोरावर पाण्यातली प्रदूषके मोडणाऱ्या उत्प्रेरकांची चर्चा झाली की कान टवकारणे साहजिक आहे. उन्हाची मराठवाड्यात कधीच ददात नव्हती. मग गाडी अडते कुठे?

या विद्येतला मुख्य पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, घराच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. बाहेरच्या भिंतीचा जुना रंग उन्हाने भुसभुशीत होतो, हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. त्यामागे या पदार्थाचाही हात असतो: ऊन पडले की तो रंगातला बांधणारा भागच कुरतडू लागतो. रंगवाल्यांना हा दोष वाटला, पण शास्त्रज्ञांना त्यात गुण दिसला. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड पाण्यात ठेवून त्यावर झगझगीत प्रकाश सोडला, तेव्हा पृष्ठभागावरून बुडबुडे उठू लागले. पाणी फुटत होते. केनिची होंडा या गुरूंसह त्यांनी हा शोध १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला. चारच वर्षांत, १९७६ मध्ये, पाण्यातली क्लोरीनयुक्त विषारी संयुगे याच मार्गाने मोडता येतात हे दिसून आले.

क्रिया अशी घडते. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण बसला की पदार्थातला इलेक्ट्रॉन उडून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याशी भिडून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. हा मूलक अतिशय आक्रमक असतो. रंग, कीटकनाशक, औषधाचा अंश, जे समोर येईल ते तो फोडतो. क्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात.

महाराष्ट्रात या विषयावर बरेच काम झाले आहे. मुंबईच्या यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, विश्वास पांगारकर आणि सहकाऱ्यांचा प्रकाश-उत्प्रेरणावरचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेतल्या पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये सांडपाण्याच्या ऑक्सिडीकरणावर दोन भागांत लिहिले. त्यातल्या दुसऱ्या भागाचा विषयच मुळी अनेक पद्धती एकत्र वापरण्याचा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात राजपुरे आणि भोसले यांच्या गटाने झिंक ऑक्साइडचे पातळ थर काचेवर फवारून, वरून विजेचा हलका दाब देऊन प्रदूषके मोडण्याचे प्रयोग केले. इचलकरंजीच्या रंगकामाचा आणि पंचगंगेच्या पाण्याचा प्रश्न ज्या जिल्ह्यात आहे, तिथेच हे काम व्हावे हे योग्यच झाले. कच्च्या मालाचीही वाण नाही. टायटॅनियम ज्यातून मिळते त्या इल्मेनाइटची काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे.

एवढे सगळे असून कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत (ईटीपी) हे तंत्र सर्रास का दिसत नाही? पहिली अडचण उन्हाचीच. टायटॅनियम डायऑक्साइडला लागतो ३८८ नॅनोमीटरच्या आतला, म्हणजे अतिनील प्रकाश, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जेमतेम ५ टक्के. नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशही कामाला लावण्याचा मार्ग जपानमध्ये २००१ साली दाखवला गेला. पुढे कार्बन नायट्राइडसारखे पदार्थही आले. पण बीकरमधून टाकीत येईपर्यंत त्यांची धार पुष्कळ बोथट होते. दुसरी अडचण पुडीची. कण इतके बारीक की पाण्यात सोडले तर परत गाळून काढणे महाग पडते, आणि काचेवर चिकटवले तर वेग मंदावतो. तिसरी अडचण पाण्याची. गढूळ किंवा गडद पाण्यात प्रकाश शिरतच नाही. शिवाय जड पाण्यातली बायकार्बोनेटे आणि क्लोराइडे हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गिळतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या उद्योगांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

म्हणून हे तंत्र पहिल्या टाकीत घालणे म्हणजे खरकटे न काढता भांड्याला चकाकी आणायला बसणे. आधी गाळ बसवावा, मग जिवाणूंकडून पचेल तेवढे पचवून घ्यावे, आणि जे पचतच नाही ते थोडे, स्वच्छ दिसणारे पण हट्टी पाणी उन्हाखाली आणावे. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर केंद्रात वक्र आरशांवर बसवलेल्या नळ्यांतून असे पाणी फिरवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. तिथे लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी, म्हणजे फोटो-फेंटन, बऱ्याचदा टायटॅनियमपेक्षा सरस ठरते.

शेवटी उद्योजकांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. यंत्र विकायला येणारा निळ्या पाण्याचा पेला दाखवेल आणि थोड्या वेळात ते पाणी नितळ करून दाखवेल. तेवढ्यावर भुलू नका. रंग गेला म्हणजे रंगाचा रेणू तुटला एवढेच ठरते. तुकडे पाण्यातच असू शकतात, आणि कधी ते मूळ रंगापेक्षाही घातक असतात. पाणी आम्लात डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळून काढलेला सीओडीचा (रासायनिक ऑक्सिजन मागणीचा) आकडा मागा, आधीचा आणि नंतरचा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. हा आकडा आपल्याच सांडपाण्यावर आणि आपल्याच उन्हात काढून दाखवला, तरच पैसे मोजा.