दाराची रुंदी : संकेतस्थळाची भारपरीक्षा

गिऱ्हाईक नाही म्हणून माल पडून राहिला, तर व्यापाऱ्याला वाईट वाटते. परंतु त्यात नवल काही नाही. तेजी-मंदी चालावयाचीच. गिऱ्हाईक दारात उभे आहे, त्याच्या हातात पैसा आहे, दुकानात माल आहे, आणि तरीही केवळ दार अरुंद म्हणून त्याला परत जावे लागले, तर मात्र तो दोष व्यापाऱ्याचा स्वतःचा होय. आपल्या संघातील अनेक पेढ्यांनी दुकानाबरोबरच स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत आणि कापड, भांडी, दागिने, किराणा असा नाना प्रकारचा माल ग्राहक घरबसल्या मागवू लागले आहेत. या नव्या दाराची रुंदी सणासुदीच्या आधीच मोजून पाहण्याची जी रीत आहे, तिची माहिती सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तंत्रज्ञ तिला ‘लोड टेस्टिंग’ म्हणतात. आपण तिला भारपरीक्षा म्हणू.

मोठमोठ्या पेढ्यांनाही ही अडचण चुकलेली नाही. बंगळूरच्या फ्लिपकार्ट कंपनीने दि. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘बिग बिलियन डे’ या नावाने मोठी सवलतीची विक्री योजिली होती. गर्दी इतकी लोटली की संकेतस्थळ वारंवार बंद पडले. त्यानंतर संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली. सुमारे ५,००० सर्व्हर उभे केले होते, गर्दीच्या २० पट वाढीची तयारी ठेवली होती, तरीही प्रत्यक्ष गर्दी त्याहून पुष्कळच अधिक निघाली, असे त्यांनी त्या पत्रात मोकळेपणाने सांगितले. मग आपल्यासारख्या लहान पेढ्यांनी अंदाजावर विसंबून राहावे हे कितपत योग्य?

प्रथम अडचण कोठे येते ते पाहू. ग्राहकाने फोनवर साडीच्या चित्रावर बोट टेकविले की त्याची मागणी दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकाकडे जाते. सर्व्हर डेटाबेसमध्ये, म्हणजे मालाच्या वहीत, भाव व शिल्लक पाहून उत्तर धाडतो. एका ग्राहकाला हे उत्तर निमिषात मिळते. म्हणून मालक स्वतः दुपारी निवांतपणे संकेतस्थळ उघडून पाहतो आणि ‘झकास चालते’ असा निर्वाळा देतो. परंतु एकट्याने पाहून गर्दीचे गणित कळत नाही, आणि हे गणित मोठे फसवे आहे.

असे समजा की पेढीवर एकच मुनीम आहे आणि एक पावती करण्यास त्याला सरासरी १ मिनिट लागते. कोणाचे काम लवकर आटोपते, कोणाला अधिक वेळ लागतो. म्हणजे तासाला ६० गिऱ्हाइके हा त्याचा आवाका झाला. तासाला ३० गिऱ्हाइके आली, तर प्रत्येकाला रांगेसकट सरासरी २ मिनिटे लागतात. ४८ आली तर ५ मिनिटे. ५४ आली तर १० मिनिटे, आणि ५७ आली तर २० मिनिटे! ५४ वरून ५७ म्हणजे तासाला अवघी ३ गिऱ्हाइके वाढली, पण खोळंबा मात्र दुप्पट झाला. याचे कारण असे की गिऱ्हाइके काही घड्याळ लावून मिनिटाला एक अशी येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी कोणीच येत नाही. रिकामे गेलेले मिनिट मुनिमाला परत मिळत नाही, आणि साचलेली रांग मात्र उरते. डेन्मार्कमधील गणिती ए. के. एर्लांग यांनी टेलिफोनच्या एक्स्चेंजमधील गर्दीचा असा विचार करून १९०९ साली आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. ही विद्या शंभर वर्षांहून जुनी असूनही सर्व्हरला जशीच्या तशी लागू पडते. ‘काल तर चालत होते, आज एकाएकी काय झाले?’ हा जो प्रश्न आपण दिवाळीच्या आठवड्यात ऐकतो, त्याचे उत्तर त्यात आहे. काल ५४ होते, आज ५७ झाले.

दुकानात गर्दी झाली की मालकाला ती दिसते. तो गादीवरून उठून म्हाताऱ्या माणसांना बसावयास देतो, पाणी विचारतो. संकेतस्थळावरचा ग्राहक न बोलता निघून जातो. त्याचा राग आपल्याला दिसत नाही आणि तो पुन्हा का आला नाही हेही कळत नाही.

भारपरीक्षेची कल्पना साधी आहे. खऱ्या ग्राहकांच्या आधी आपणच खोटे ग्राहक धाडावयाचे. यासाठी ‘जेमीटर’ नावाचे साधन अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे; अशी आणखीही साधने आहेत. त्यात खोट्या ग्राहकाची दिनचर्या लिहितात: पहिले पान उघडावे, ‘नऊवारी’ असा शोध घ्यावा, तीन वस्तू पाहाव्यात, एक टोपलीत टाकावी, पैसे देण्याच्या पानावर जावे. मध्ये थोडे थांबावयासही शिकवावे लागते, कारण खरा ग्राहक विचार करतो, घरातल्यांना विचारतो. मग असे २० ग्राहक एकदम सोडावे, नंतर ५०, नंतर १००, २००, असे चढवीत जावे आणि उत्तरास किती वेळ लागतो ते टिपावे.

किती ग्राहक सोडावे, हा प्रश्न मालकाने स्वतः सोडवावयाचा आहे. ‘आमच्याकडे दिवसाला ५,००० लोक येतात’ हे उत्तर उपयोगाचे नाही. सर्वांत गर्दीच्या वेळी काय होते ते हवे. त्यासाठी अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक सोपा नियम आहे. मिनिटाला येणारे ग्राहक आणि प्रत्येकाने घालविलेली मिनिटे यांचा गुणाकार केला की एका वेळी आत किती जण आहेत ते कळते. मिनिटाला २० आले व प्रत्येक जण ६ मिनिटे रेंगाळला, तर १२० झाले. सणाच्या दिवशी याच्या किती पट होतील हे आपल्या जुन्या विक्रीच्या वह्या सांगतील. सवलतीचा संदेश सर्व ग्राहकांना एकाच मिनिटाला धाडला जाणार असेल, तर तो एकदम येणारा लोंढाही वेगळा तपासून पाहावा.

परीक्षेचा निकाल वाचताना सरासरीवर विश्वास ठेवू नये. १०० ग्राहकांपैकी ९५ जणांना १ सेकंदात उत्तर मिळाले आणि ५ जणांना ३० सेकंद लागले, तर सरासरी २.४५ सेकंद निघते आणि कागद पाहून मालक खूश होतो. ते ५ जण मात्र केव्हाच गेलेले असतात, आणि पुष्कळदा ते नेमके पैसे देण्याच्या पानावर अडकलेले असतात. म्हणून ‘शंभरांतील शेवटच्या पाच ग्राहकांना किती वेळ लागला’ असेच विचारावे.

आमच्याच कापडाच्या पेढीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या विक्रीत आमचे संकेतस्थळ रेंगाळत होते; मोठा सर्व्हर घ्यावा, असा सल्ला ते बांधून देणाऱ्याने दिला. त्याच गर्दीत एकुलती एक साडी दोघींना विकली गेली. पैसे दोघींचेही जमा झाले होते. दुसरी ग्राहक वडिलांच्या वेळेपासूनच्या घरातील होती आणि साडी लग्नासाठी हवी होती. मी स्वतः फोन करून क्षमा मागितली, पैसे परत केले. त्या घरची मागणी त्यानंतर आलेली नाही.

पुढच्या वर्षी सर्व्हर घेण्याआधी आम्ही भारपरीक्षा करविली. ४० खोट्या ग्राहकांपर्यंत सर्व ठीक होते. पुढे शोध घेण्याचे पान अडू लागले. सर्व्हर तर निम्मा रिकामाच होता! दोष वहीत निघाला. खतावणीला अनुक्रमणिका नसेल तर एका आसामीचे खाते काढण्यास मुनिमाला सगळी पाने उलटावी लागतील. आमच्या डेटाबेसचे तसेच झाले होते. मालाच्या नावांची अनुक्रमणिका, ज्याला तंत्रज्ञ ‘इंडेक्स’ म्हणतात, ती केलेलीच नव्हती. बांधणाऱ्याने ५०-६० नमुन्याच्या वस्तू भरून संकेतस्थळ तपासले होते, तेव्हा ती उणीव कशी दिसावी? प्रत्यक्षात आमच्याकडे हजारो वस्तू. एका दिवसात काम झाले आणि मोठा सर्व्हर घेण्याचा खर्च वाचला. साडीचा घोटाळाही त्याच परीक्षेत पुन्हा दिसला: शेवटचा नग तीन खोट्या ग्राहकांना एकदम विकला गेला. शिल्लक पाहणे आणि नग राखून ठेवणे ही दोन कामे निरनिराळी होती, त्यांच्या मधल्या क्षणात दुसरा ग्राहक शिरत होता. ती दोन्ही एकत्र बांधून घेतली. वेग कमी असला तर गिऱ्हाईक जाते, पण या दुसऱ्या दोषाने पत जाते, म्हणून मी त्यालाच अधिक भितो.

परीक्षा केली म्हणजे झाले असेही नाही. तिचा निकाल ऐकावाही लागतो. अमेरिकन सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ दि. १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले. उघडण्याच्या काही दिवस आधी घेतलेल्या परीक्षेत त्याचा एक मुख्य भाग अवघ्या काहीशे ग्राहकांच्या भाराने कोसळला होता, आणि संपूर्ण यंत्रणेची एकत्र तपासणी तर शेवटच्या दोन आठवड्यांतच सुरू झाली होती. तारीख जाहीर झालेली होती, म्हणून उघडले. पहिल्या दिवशी लाखो लोक आले. विम्याची नोंदणी पूर्ण झाली ती ६ जणांची.

भार सोसत नसेल तर तो वाटून देणे हाही एक उपाय आहे, आणि त्याचा अनुभव आपण करदाते म्हणून घेतलेला आहे. जीएसटीचे मासिक विवरण भरण्यास २० तारखेला सगळा देश एकदम धावे आणि संकेतस्थळ अडखळे. तेव्हा जानेवारी २०२० मध्ये सरकारने तारखाच विभागल्या. मागील वर्षी ५ कोटी रुपये वा अधिक उलाढाल असणाऱ्यांना २० तारीख राहिली. त्याहून लहान करदात्यांपैकी महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण इत्यादी राज्यांना २२, व उरलेल्यांना २४. आपणही सवलतीचा संदेश जुन्या ग्राहकांना सकाळी व इतरांना दुपारी धाडू शकतो. त्याला खर्च काहीच नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी. परीक्षा शक्यतो संकेतस्थळाच्या हुबेहूब प्रतीवर करावी. खऱ्यावरच करणे भाग असेल तर रात्री उशिरा. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीस आधी कळवावे, नाहीतर हा हल्ला समजून ती आपलेच दार लावून घेईल. पैसे घेणाऱ्या कंपन्या चाचणीसाठी खोट्या व्यवहारांची सोय देतात, तीच वापरावी. खात्रीचे संदेश जाणे बंद ठेवावे, आणि खोट्या मागण्या नंतर आठवणीने पुसाव्यात. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर त्याच्या परवानगीवाचून असा भार टाकणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये गुन्हा ठरू शकतो, हे तरुण सभासदांनी विशेष ध्यानात ठेवावे. दिवाळीपूर्वी सहा आठवडे ही योग्य वेळ. त्याहून उशीर झाला तर दोष सापडूनही दुरुस्तीस अवधी उरत नाही.

संकेतस्थळ नव्याने बांधून घेणाऱ्यांनी करारातच एक ओळ घालावी: आमच्या संपूर्ण मालाच्या यादीसह एका वेळी इतके ग्राहक आले असता शंभरांतील पंचाण्णवांना इतक्या सेकंदांत उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते परीक्षा करून दाखविल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. आमच्या नव्या करारात आम्ही ती घातली. बांधणाऱ्याने त्यासाठी थोडी रक्कम वाढवून मागितली, ती आम्ही घासाघीस न करता दिली.