पंचेचाळीसच्या अलीकडे

फेकलेली वस्तू किती लांब पडेल हे मुख्यतः ती सुटतानाचा वेग आणि कोन ठरवतात. वेगाचे दोन वाटे होतात. वरचा वाटा वस्तूला हवेत वेळ मिळवून देतो आणि आडवा वाटा तेवढ्या वेळात तिला पुढे नेतो. दोन्ही वाटे सारखे झाले, म्हणजे कोन ४५ अंश झाला, की सपाट जमिनीवर पल्ला सर्वाधिक मिळतो. इटलीतील निकोलो तार्तालियाने १५३७ साली तोफांसाठी हाच कोन सांगितला होता. मात्र तोफगोळ्याचा मार्ग परवलय असतो हे गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात मांडले. ४५च्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असलेले कोन सारखाच पल्ला देतात, हेही त्याने दाखवले.

सेकंदाला १४ मीटर वेग घेतला तर ४५ अंशांवर पल्ला २० मीटर येतो, ३० किंवा ६० अंशांवर १७.३ मीटर आणि १५ किंवा ७५ अंशांवर नेमका निम्मा. ४० अंशांवर मात्र तो १९.७ मीटर असतो. शिखराजवळ आलेख इतका सपाट आहे, आणि मैदानावरचे सारे गणित या सपाटीवर उभे आहे.

गोळाफेकीत गोळा जमिनीवरून सुटत नाही, खांद्याच्याही वरून सुटतो. सुटण्याची उंची २.१ मीटर धरली तर त्याच वेगाला उत्तम कोन सुमारे ४२ अंश येतो आणि पल्ला २२ मीटर. फेक जितकी आखूड, तितका या उंचीचा प्रभाव जास्त. सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेकीवर रौप्यपदक जिंकले. एवढ्या फेकीला, हात २ मीटर उंचीवर धरल्यास, कागदावरचा कोन ४१.५ अंशांच्या आसपास येतो.

तरीही जगातले अव्वल गोळाफेकपटू साधारण ३५ ते ३८ अंशांतच फेकतात. यात त्यांची चूक नाही, उलट शरीराची अचूक जाण आहे. कोन वाढवला की गोळ्याचे वजन उचलण्यातच जास्त बळ जाते. शिवाय माणसाचा हात वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना अधिक जोर लावतो. त्यामुळे वाढत्या कोनाबरोबर सुटतानाचा वेग घटतो. वरच्या उदाहरणात ४२ऐवजी ४५ अंश घेतले तर तोटा फक्त ८ सेंटिमीटरांचा. वेग एका टक्क्याने वाढला तर लाभ सुमारे ४० सेंटिमीटरांचा. म्हणून प्रशिक्षणात कोनापेक्षा वेगाला प्राधान्य देणेच योग्य. लांब उडीत हे टोकाला जाते. धावतानाचा वेग राखण्यासाठी खेळाडू सुमारे २० अंशांनी झेपावतो.

जड गोळ्यावर हवेचा परिणाम नगण्य असतो. क्रिकेटच्या चेंडूला मात्र हवा अडवते, त्यामुळे त्याचा उत्तम कोन ४५च्या खाली येतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, पॅरिसवर सुमारे १२० किलोमीटरांवरून मारा करणारी जर्मन तोफ मात्र ४५ अंशांहून उंच रोखली जाई. गोळा दाट हवेतून लवकर बाहेर पडून विरळ थरांत पोहोचे आणि प्रवासाचा मोठा भाग तिथे जवळजवळ विनाअडथळा पार करी.