जुन्या ट्रॅक्टर-नांगराची निगा

नांगराचा जो भाग जमिनीत सर्वप्रथम शिरतो आणि सर्वांत आधी झिजतो, तो फाळ होय. फाळामागे माती उलथविणारा वक्र पंख असतो, आणि तासाच्या उभ्या भिंतीला टेकून नांगराला सरळ ठेवणारी एक लांबट पट्टी असते. या पट्टीला मराठीत सर्वमान्य शब्द नाही. येथे तिला ‘भिंतपट्टी’ म्हटले आहे. हे तिन्ही भाग एका मजबूत बैठकीवर बोल्टांनी आवळलेले असतात. झिजणारा भाग सुटा ठेवावयाचा आणि तो वेळेवर बदलून बैठक वाचवावयाची, हा लोखंडी नांगराचा मोठा गुण. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तो नांगर बैलांचा होता. ट्रॅक्टरच्या नांगरात ओढ व वेग वाढला. माती उलथविण्याची रीत मात्र तीच राहिली.

बंगळूरच्या आसपासची, देवनहळ्ळी-होसकोटेकडील तांबडी जमीन ग्रॅनाइट व नाइस खडकांपासून बनली आहे. तिच्यात गारगोटीचे कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत नांगराचे मुख्य दुखणे म्हणजे पंखाला चिकटणारी माती. येथे मुख्य दुखणे झिजेचे. वळवाच्या पावसानंतर, नाचणीच्या पेरणीपूर्वी, जुने नांगर बाहेर निघतात ते बहुधा बोथट फाळानिशीच.

झीज ओळखावी कशी? नांगर सपाट फरशीवर उभा करून भिंतपट्टीच्या तळाला एक सरळ पट्टी लावावी. चांगल्या फाळाचे टोक या रेषेच्या काही मिलिमीटर खाली असते. तसेच ते किंचित तासाच्या भिंतीकडे झुकलेले असते. या झुकावामुळेच नांगर आपोआप जमिनीत ओढला जातो. टोक झिजले की नांगर वर तरंगू लागतो आणि चालक सांगाड्यावर दगड ठेवतो! हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीच्या तीन बिंदूंच्या जोडणीत आणखी एक घोटाळा होतो. तेथे ओढ वाढली की वरच्या दांड्यावर दाब पडून हायड्रॉलिक झडप हलते व नांगर थोडा उचलला जातो. बोथट फाळाने ओढ वाढते, नांगर उथळ चालतो, आणि दोष मात्र हायड्रॉलिक पंपाला दिला जातो. पंप खोलण्यापूर्वी फाळ पाहावा. खर्चात मोठा फरक पडतो. डिझेल वाया जाते ते वेगळेच.

फाळ बिडाचा की पोलादाचा, हे दुरुस्तीआधी ठरविले पाहिजे. फिरत्या सहाणेवर पोलादाच्या ठिणग्या लांब, तेजस्वी व फाटे फुटणाऱ्या असतात. बिडाच्या आखूड व तांबूस. पोलादी फाळ लोहार भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करू शकतो. बिडाचा फाळ ठोकला तर तडकेल. तो बदलावाच लागतो. फाळाच्या धारेवर कठीण धातूचे वेल्डिंग करावयाचे असेल, तर ते फाळ नवा असतानाच करावे. झिजून पातळ झालेल्या धारेवर त्याचा फारसा उपयोग नाही.

बोल्टांची अडचण ऐतिहासिक आहे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला; पण जुन्या ब्रिटिश नांगरांचे बोल्ट इंची आट्यांचे आहेत. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचाला १२ आटे असतात, तर १२ मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टाला सुमारे साडेचौदा. पान्याच्या जोरावर एकाचे नट दुसऱ्यावर चढविल्यास दोन्ही बाद होतात. उलट, झेटरच्या सहकार्याने १९७१ पासून पिंजोरला ट्रॅक्टर बनविणाऱ्या, मुख्यालय बंगळूरला असलेल्या एच.एम.टी.चे ट्रॅक्टर मेट्रिक मापांचे. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता जुन्या भागांसाठी लेथवाल्याकडे जावे लागते. जाताना मोडका नमुना बरोबर न्यावा, केवळ माप सांगून भागत नाही. काही नांगरांत दगड लागताच तुटावा म्हणून मुद्दाम नरम बोल्ट घातलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी कठीण बोल्ट घालणारे पुढे सांगाडाच वाकवून आणतात.

हंगाम संपताच पंखावरील माती धुऊन, तो कोरडा करून त्यावर ग्रीसचा जाड थर द्यावा. या झिलईवर रंग मात्र लावू नये; त्यावर माती घसरत नाही. पंख गंजून खडबडीत झालाच, तर तो घासूनपुसून तांबड्या जमिनीत काही वेळ ओढावा. फाळ खाणारी हीच गारगोटी पंखाला मात्र उत्तम झिलई देते.