दोन घरांतले अंतर

‘बालमृत्यू घटले’ ही बातमी वाचून समाधान वाटते. पण गरिबाघरी आणि श्रीमंताघरी ते सारखेच घटले का? हे कसे मोजतात, ते आज पाहू.

उत्पन्नाचा खरा आकडा सहसा कोणी सांगत नाही. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घर, पाणी, संडास, सायकल, टीव्ही अशा गोष्टी पाहून लोकांचे पाच समान गट पाडतात. २००५-०६ च्या पाहणीत सर्वांत गरीब गटात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १०१ पाच वर्षांच्या आत दगावत; सर्वांत सधन गटात ३४. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे ५९ आणि २० झाले.

वजाबाकी केली तर अंतर ६७ वरून ३९ वर आले. भागाकार केला तर गरिबाच्या मुलाला धोका पूर्वीही तिप्पट, नंतरही तिप्पटच! दोन्ही उत्तरे खरी आहेत, म्हणून दोन्ही पाहावीत.

अतिसार, न्यूमोनिया यांवर क्षारसंजीवनी, लस, वेळेवर औषध असे साधे उपाय आहेत. ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचतील तेव्हाच भागाकाराचे उत्तर बदलेल. तोवर वाचकांनी नुसत्या सरासरीवर समाधान मानू नये.