पावसाचे शास्त्र भटजीचे नव्हे

गेल्या आठवड्यात महाड तालुक्यातील एक समाजबांधव भेटायला आले. जयभीम झाला, चहा झाला. त्यांचा मुलगा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आहे. त्याला म्हणे पुण्याला वातावरण विज्ञान शिकायचे आहे. वडिलांनी विचारले, "साहेब, म्हणजे ते पंचांगातले का? कोणत्या नक्षत्राला बेडूक, कोणत्याला गाढव?" मला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले. पंचांगवाल्यांनी पाऊस म्हशीवर नि कोल्ह्यावर असा काही बसवला आहे, की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही पावसाचे शास्त्र म्हटले की भटजीच आठवतो!

पंचांगाशी या शास्त्राचा काडीचा संबंध नाही. हवेचा दाब, तापमान, ओलावा आणि वारा यांचे नियम समीकरणांत मांडायचे, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्यात धरायचा आणि संगणकावर ते सोडवून उद्याचे आकाश काढायचे, असे हे काम आहे. आपल्या मोसमी पावसाची वाफ मुख्यतः समुद्रावरून येते. म्हणून हवा शिकणाऱ्याला समुद्र शिकावा लागतो. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता. देशात दुष्काळ पडणार अशी भीती होती, पण पाऊस सरासरीइतका झाला. असे का? हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता आणि पूर्व भाग थंड झाला होता. १९९९ मध्ये भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी समुद्राच्या या दोलनाची मांडणी केली. नक्षत्राच्या कोणत्याही वाहनाला हे सांगता आले नसते.

आता आपल्या वस्तीचे बघा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरात कुलाब्याला किती? अवघा ७३! ढगातील थेंब किती वेगाने कोणीकडे सरकत आहेत हे दाखवणारे डॉप्लर रडार त्या दिवशी मुंबईत नव्हते. साकीनाक्याला दरड कोसळली ती झोपड्यांवर. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. उताराची, नाल्याकाठची, गावाने नाकारलेली जागा कोणाच्या वाट्याला येते, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. पण कोणत्या डोंगराखाली पर्जन्यमापक बसवायचा, इशारा कोणत्या भाषेत आणि किती तास आधी द्यायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपली किती मुले आहेत?

पाण्याचा हा प्रश्न बाबासाहेबांनी फक्त चवदार तळ्यावर सोडवायला घेतला नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या पुरांचा विषय त्यांच्याकडे होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी बजावले की, जास्त पाणी हे संकट समजणे चूक आहे, ती साठवायची संपत्ती आहे. त्याच दामोदरच्या १९४३ च्या पुराची चौकशी करणाऱ्या समितीत मेघनाद साहा होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे गणित मांडून जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ! बंगालमध्ये खालची मानलेल्या जातीत ते जन्मले. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांना त्यांच्या पंगतीला बसणे नको होते. या माणसाने पुढे नद्यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा हवी म्हणून लेखणी झिजवली. बाबासाहेब आणि साहा एकाच नदीवर काम करत होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तिथे आले, म्हणून हे नाव. आपली माणसे रोज त्या चौकातून जातात, पण त्या फाटकाच्या आत काय चालते याची चौकशी कोणी करत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा विभाग आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात. कोचीन आणि विशाखापट्टणमला हवा आणि समुद्र दोन्ही शिकता येतात. पुढे संशोधन करायचे तर सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण व महासागर विज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, बार्टी आहे. बार्टीच्या पैशासाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागते, हेही खरे. आणि जागा थोड्या आहेत. पोलीस भरतीसारखी हजारोंची जाहिरात इथे निघत नाही, हे वडिलांना मी लपवले नाही.

खरा दरवाजा मात्र विद्यापीठात बंद होत नाही, तो अकरावीत बंद होतो. भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर या विषयात पाय ठेवता येत नाही. 'आपल्याला गणित झेपत नाही' हे वाक्य आपल्या मुलांना शाळेतच कोणीतरी ऐकवून ठेवलेले असते.

निघताना वडील उंबऱ्यात थांबले. धाकटी मुलगी यंदा दहावी झाली, तिच्या बाईंनी गणित सोडून जीवशास्त्र घे असे सांगितले आहे. फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. मी म्हटले, "तिला थोरल्या भावाकडे दोन दिवस बसवा, मग फॉर्म भरा." काल फोन आला. पोरीने गणित ठेवले आहे. आणि थोरल्याने पुण्याला अर्ज केला आहे.