कॅलिफोर्नियातील स्वयंवीजनिर्मिती प्रोत्साहन योजना : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :
इ. स. २०००-२००१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यास तीव्र वीजसंकटास तोंड द्यावे लागले. त्यातूनच २००१ मध्ये ‘सेल्फ जनरेशन इन्सेंटिव्ह प्रोग्रॅम’ ही योजना सुरू झाली. ग्राहकाने स्वतःच्या जागेत वीज निर्माण करावी व कमाल मागणीच्या वेळी वीजवाहिन्यांवरील भार हलका व्हावा, हा तिचा मूळ हेतू होय. निधी मुख्यतः ग्राहकांच्याच देयकांतून उभा राहिला. अनुदान बसविलेल्या यंत्राच्या क्षमतेवर द्यावे की त्याच्या प्रत्यक्ष वापरावर, या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर योजनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
प्रारंभी सौर पॅनेल, पवनचक्की, इंधनघट इत्यादींना अनुदान मिळे. २००७ मध्ये सौरऊर्जेसाठी स्वतंत्र योजना निघाली. २००९ च्या कायद्याने हरितगृह वायूंची घट हा निकष आला आणि २०११ पासून स्वतंत्र बॅटरीही अनुदानास पात्र ठरली. पुढे निधीचा मोठा वाटा साठवणुकीकडेच वळला.

येथे एक विसंगती उद्भवली. २०१६ व २०१७ या वर्षांच्या मूल्यमापनात अनुदानित बॅटऱ्यांमुळे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. बॅटरी वीज निर्माण करीत नाही. साठवलेल्या विजेचा काही अंश वाया जातोच. व्यापारी ग्राहकांचे लक्ष देयकातील मागणी आकार कमी करण्याकडे होते. त्यामुळे दुपारी मुबलक सौर वीज असताना बॅटरी भरावी आणि सायंकाळी वायुविद्युत केंद्रे जोरात चालत असताना ती वापरावी, असे घडलेच असे नाही. ग्राहकास दोष देता येत नाही. दरपत्रकाने त्यास जे शिकविले तेच त्याने केले.

मोठ्या प्रकल्पांना निम्मे अनुदान आधी व उर्वरित पाच वर्षांत कामगिरीनुसार देण्याची पद्धत होतीच. ऑगस्ट २०१९ च्या निर्णयाने उत्सर्जनाचे बंधन अधिक कडक केले. बॅटरी केव्हा भरावी हे कळावे म्हणून जाळ्यातील विजेच्या उत्सर्जनाची संकेतप्रणालीही उपलब्ध करण्यात आली.

सामाजिक न्यायाचा प्रश्न याहून बिकट आहे. नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ या वणव्यात ८५ जणांचा बळी गेला. वणवा वीजवाहिनीतून पेटला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये खबरदारी म्हणून लाखो ग्राहकांची वीज बंद ठेवण्यात आली. श्वसनयंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णास मात्र ही खबरदारीच घातक ठरू शकते. म्हणून वणवाप्रवण क्षेत्रांतील अल्प उत्पन्न गटास व अशा रुग्णांना साठवणक्षमतेच्या प्रत्येक युनिटमागे (किलोवॅट-तास) १,००० डॉलरपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. सर्वसाधारण घरगुती ग्राहकाच्या दराच्या ते कित्येक पट होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा भेद सर्वस्वी समर्थनीय आहे, कारण हा निधी गरीब ग्राहकाच्या देयकातूनही वसूल झालेला आहे. तथापि अनुदान सामान्यतः बॅटरी बसविल्यानंतर हाती पडते, आणि भाडेकरूस घरमालकाच्या संमतीवाचून ती बसविताच येत नाही.